बाबा आणि आई, कळवायला उशीर झाला

पुणे, ८ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा व तीर्थस्वरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितले असते तर बाबांनी ‘बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईचा आवाज ऐकून माझा धीर सुटला असता, म्हणून पत्र लिहिते आहे. या उन्हाळ्यात कंपनीत इंटर्नशिप न करता मी जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठात दहा आठवडे संशोधनाचे काम करणार आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी डाड या जर्मन संस्थेची ‘वाइज’ शिष्यवृत्ती असते. ती मला मिळाली आणि मी होकारही कळवला. आधी तुम्हाला विचारायला हवे होते. कंपनीचे पैसे बुडतील याचाही मी खूप विचार केला, पण जुलैअखेर मी परत येईन आणि नोकरीच्या मुलाखती हुकणार नाहीत.

मोबाइलच्या नेटवर्कमधून माणसाचा ठावठिकाणा कसा फुटतो आणि तो कसा राखता येईल, हा कामाचा विषय आहे. बाबा, तुमची सारी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यामुळे तुम्हाला हे चटकन कळेल. एका एक्स्चेंजने विचारले की दुसरे निमूट उत्तर देई, कारण दोन्ही टोकांना आपलीच माणसे असत. त्याच भरवशावर एसएस७ ही सिग्नलिंगची, म्हणजे एक्स्चेंजांनी आपसांत निरोप देण्याची, पद्धत जगभर पसरली, आणि २०१४ साली हॅम्बुर्गच्या परिषदेत सुरक्षा-संशोधक टोबियास एंगेल यांनी दाखवले की त्या जाळ्यात शिरकाव असलेल्याला नुसत्या नंबरावरून फोन कोणत्या टॉवरपाशी आहे हे काढता येते.

आई, तिन्हीसांजेला तू ओट्यावरून हाक मारायचीस आणि मी ‘आले गं’ म्हणायचे, तेव्हा मी कोणाच्या अंगणात आहे हे साऱ्या आळीला कळायचे. फोनचेही तसेच आहे. कॉल आला की नेटवर्क त्या भागातल्या टॉवरांवरून फोनला हाक घालते. तिला पेजिंग म्हणतात. २०१२ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी रिंग वाजण्याआधीच कॉल तोडून आणि हवेतल्या या हाका ऐकून फोन त्या भागात आहे की नाही हे ओळखले होते. फोनच्या मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, हे मला फार लागले. ५जीमध्ये सिमची कायमची ओळख कुलूपबंद करून पाठवण्याची सोय आहे, पण फोन जुन्या २जीवर उतरला की ते कुलूप कामाचे राहत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत रेडिओलहरी अडवणाऱ्या पत्र्याच्या पेटीत माझा जुना, काच तडकलेला फोन, चाचणीचे सिम आणि तळहाताएवढे रेडिओचे बोर्ड ठेवून मी हे पाहिले आहे. बाहेरच्या कोणाचाही फोन आम्ही ऐकत नाही, तेव्हा कायद्याची काळजी करू नका. तिथेही माझ्याकडे मोजमापे पुन्हा पुन्हा घेणे आणि नोंदी लावणे एवढेच काम असेल, पण पदवीच्या वयात असे काम हाताला लागत नाही.

राहायला विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे, स्वयंपाकघर आहे, विमा शिष्यवृत्तीतच आहे. मेतकूट आणि भाजणी नेईन. उन्हाळ्यात साडेतीन तासांचाच फरक असतो, त्यामुळे तुमची जेवणे झाली की रोज साडेनऊला मी फोन करीन.

बाबांच्या मोतीबिंदूची तारीख डॉक्टरांशी बोलून मी एप्रिलअखेरीवर आणली आहे. पहिले दोन आठवडे थेंब मीच घालीन, पुढे ताई येऊन राहील. बाबा, या काळात वाकून बादली उचलायची नाही, डोळा चोळायचा नाही आणि माळ्यावर चढायचे नाही. आई, रक्तदाबाची गोळी उपासालाही घ्यायची. पाटणच्या पावसाळ्यात तुम्ही दोघांनी मला काही कळू दिले नव्हते. तसे या वेळी करू नका, दुखले-खुपले तर त्याच दिवशी सांगा.

तुम्ही रागावला असाल तर तेही लिहून पाठवा. शनिवारी घरी येते आहे. येताना बाबांचे जुने सोल्डरिंग आयर्न दुरुस्त करून आणते.

तुमची,
धाकटी