काजूच्या कामाचे वाटप: तक्ता बरोबर, निर्णय चुकीचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काजूचा हंगाम जवळ आला की आमच्याकडे बीच्या दराची चर्चा सुरू होते. यंदा तिच्या जोडीला आणखी एक विषय आहे. आमच्या तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने आपल्याच गावोगावच्या काजू फोडणी-सोलणीच्या युनिटांना काम वाटण्यासाठी ‘किलोमागे प्रक्रियाखर्च’ असा तक्ता केला आणि ज्याचा आकडा खाली त्याच्याकडे माल वळवायचे ठरवले. हिशेब बघून वाटप होते आहे हे चांगलेच, नाहीतर काम जाते ते चेअरमनच्या वाडीकडे. मी काजू युनिटांचे जमाखर्च लिहितो आणि या कंपनीचा भागधारकही आहे, म्हणून तक्ता नीट वाचला. आकडे खरे आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

कर्जाचा हप्ता, शेडचे भाडे, राखणदाराचा पगार, विजेचा स्थिर आकार हे सगळे गेल्या वर्षी फोडलेल्या किलोंनी भागून दरात मिळवले आहे. समजण्यासाठी सोयीचे आकडे घेतो. लहान युनिटचा असा बांधील खर्च महिन्याला दीड लाख आणि काम १० टन बीचे, म्हणजे किलोमागे १५ रुपये. वर फोडणी, सोलणी, जळण, पॅकिंगचे १४. एकूण २९. मोठ्या युनिटचा बांधील खर्च ६ लाख, पण काम ८० टन, म्हणजे साडेसात रुपये. वरचा खर्च वाहतूक धरून १६. एकूण साडेतेवीस. तक्ता म्हणतो, मोठ्याला द्या. आता नवीन १० टन आले तर कंपनीच्या खिशातून नेमके काय जाईल? लहानाकडे किलोला १४, मोठ्याकडे १६. दोन्हीकडचे हप्ते आणि भाडी काम आले काय, गेले काय, भरावीच लागतात. म्हणजे स्वस्त दिसणाऱ्याला काम देऊन कंपनीने २० हजार रुपये घालवले. त्यात मोठ्याचे ड्रायर आधीच भरलेले असतील तर ओव्हरटाइम वेगळा.

आणि हे दरवर्षी वाढत जाते. काम कमी म्हणून लहानाचा आकडा मोठा, आकडा मोठा म्हणून काम आणखी कमी. दोन-तीन हंगामांत युनिट बंद करण्याचा ठराव येईल आणि पुरावा म्हणून हाच तक्ता जोडला जाईल. बाहेरच्या व्यापाऱ्याला जॉबवर्कचा, म्हणजे त्याची बी फोडून देण्याचा, दर सांगताना मात्र बांधील खर्च धरायलाच हवा, नाहीतर दिवाळे निघेल. पण घरच्या घरात काम वाटणे हा प्रश्न निराळा आहे.

दुसरी गोष्ट बीची. वेंगुर्ला-७ या सुधारित जातीची बी सुमारे १० ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभराच्या आसपास. गावठी बारीक बी किलोत दोनशेच्या वर जाते. कटरवर बसलेली बाई प्रत्येक बी वेगळी धरून, पायाने पट्टा दाबून फोडते. बी बारीक म्हणून तिचा हात काही दुप्पट वेगाने चालत नाही. ज्या युनिटच्या वाट्याला आसपासच्या जुन्या झाडांची बी येते, त्याची फोडणी महागच दिसणार. त्यात त्या बायांचा काय दोष?

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी. तक्त्यातला किलो बीचा आहे, बाजारात मात्र टरफलाच्या आतला गर विकला जातो, तोही अख्खा वेगळा, पाकळी (दोन भाग झालेला गर) वेगळी, तुकडा वेगळा. पुन्हा उदाहरणच घेतो. १०० किलो बीला एक युनिट २,२०० रुपये खर्च करते आणि २६ किलो गर काढते, त्यात ६० टक्के अख्खा. दुसरे २,५०० खर्च करते, २७ किलो काढते, ७५ टक्के अख्खा. अख्ख्याला ८०० आणि बाकीच्याला ६८० दर धरला, तर पहिल्याकडून १९,५५२ रुपयांचा माल मिळतो आणि दुसऱ्याकडून २०,७९० चा. खर्च वजा जाता ‘महाग’ युनिट ९३८ रुपयांनी पुढे. हा फरक बहुतेक ड्रायरनंतरच्या कामात पडतो. तापलेला कोरडा गर लगेच हाताळला तर पाकळ्या होतात, पावसाळी हवेत पडून राहिला तर ओल धरतो आणि साल सुटत नाही. सोलायला बसलेल्या अनुभवी बायकांना ही वेळ बरोबर कळते. त्यांना चार पैसे जास्त मिळतात, आणि तक्त्यात तेवढेच दिसते.

टरफल विकून आलेले पैसेही एका युनिटने खर्चातून वजा केले आहेत, दुसऱ्याने इतर उत्पन्नात दाखवले आहेत. एवढे तरी ऑडिटरने बघायला हवे होते.

माझी मागणी साधी आहे. मार्चमध्ये बी येऊ लागली की प्रत्येक युनिटला एकाच जातीची, सारखी वाळवलेली दहा-दहा पोती द्यावीत. अख्खा, पाकळी, तुकडा यांची वजने सगळ्यांसमोर करावीत, बांधील खर्च बाजूला लिहावा आणि मग ऑर्डरी वाटाव्यात. तोपर्यंत जुने वाटप चालू ठेवावे. तसे पत्र मी कंपनीच्या कार्यालयात दिले आहे. पोच अजून मिळालेली नाही.

आपला,
एक भागधारक शेतकरी, सिंधुदुर्ग