मोजणी, फलने आणि असमानता : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. तुझी लेक अकरावीच्या गणितात मनापासून रमली आहे हे वाचून फार आनंद झाला. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, फलने (फंक्शन, म्हणजे प्रत्येक वस्तूला नेमकी एक वस्तू जोडून देणारे नियम) आणि असमानता या प्रत्येक भागातली गणिते तिला सुटी सुटी जमतात, परंतु ऑलिंपियाड या गणितस्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत ती एकमेकांत मिसळून आली की सुरुवात कोठून करावी हेच कळेनासे होते, असे तू लिहिले आहेस. तिची ही अडचण मला अगदी योग्य ठिकाणी आलेली वाटते, म्हणून उत्तर जरा लांबले तरी ते नीट लिहितो.

कनिष्ठ महाविद्यालयात हा भाग शिकवताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. मोजणीचे गणित मुळात फलनाचेच गणित असते, आणि त्या फलनाखाली काही वस्तू उरल्या किंवा काही एकमेकींवर पडल्या की त्यातून असमानता जन्माला येते. पुस्तकात ही प्रकरणे वेगळी छापावी लागतात, ते सोयीचेही आहे. मात्र विद्यार्थ्याच्या मनात ती वेगळी राहिली तर सूत्रे पाठ होतात आणि कोणते सूत्र कोठे लावायचे हा प्रश्न तसाच राहतो.

वर्गात मी नेहमी घेतो ते उदाहरण सांगतो. पाच वेगवेगळी पुस्तके तीन मुलांना अशी वाटायची आहेत की प्रत्येकाला किमान एक तरी पुस्तक मिळेल. हे किती प्रकारे करता येईल? हुशार मुलेसुद्धा बहुधा असे लिहितात: प्रथम प्रत्येक मुलाला एकेक पुस्तक देऊ, त्याच्या ५ × ४ × ३ म्हणजे ६० रीती, उरलेली दोन पुस्तके कोणालाही देऊ, त्याच्या ३ × ३ म्हणजे ९ रीती, एकूण ५४०. युक्तिवाद इतका सरळ वाटतो की त्यातला दोष चटकन दिसत नाही. अशा वेळी मी मुलांना एवढेच विचारतो की कोणतीही अट नसती तर वाटपे किती झाली असती. प्रत्येक पुस्तकाला तीन पर्याय, म्हणून ३ चा पाचवा घात, म्हणजे २४३. अट घातल्यावर संख्या कमी व्हायला हवी, आणि येथे ती दुपटीहून अधिक झाली आहे! भाग संपूर्णापेक्षा मोठा असू शकत नाही ही सर्वांत साधी असमानता येथे पहारेकऱ्याचे काम करते, आणि मोजणीच्या प्रत्येक उत्तराला ती लावून पाहण्याची सवय तुझ्या लेकीने आतापासूनच लावून घ्यावी.

आता ५४० या संख्येचे काय झाले ते पाहा, कारण खरे शिक्षण तेथेच आहे. ती संख्या निरर्थक नाही. तिने वेगळीच गोष्ट मोजली आहे. तिने वाटपे न मोजता ‘वाटप आणि प्रत्येक मुलाचे पहिले पुस्तक कोणते याची खूण’ अशा जोड्या मोजल्या. एका मुलाला तीन आणि इतरांना एकेक पुस्तक मिळाले असेल, तर ती खूण तीन प्रकारे करता येते. दोघांना दोन-दोन आणि एकाला एक मिळाले असेल, तर चार प्रकारे. पहिल्या प्रकारची वाटपे ६० आहेत, दुसऱ्या प्रकारची ९०. आणि ३ × ६० अधिक ४ × ९० हे बरोबर ५४० भरतात. म्हणजे खूण पुसून टाकणारे एक फलन येथे आहे, ते जोडीवरून वाटपाकडे जाते, आणि ते एकास-एक नाही, म्हणजे अनेक जोड्या एकाच वाटपावर पडतात. प्रत्येक वाटपावर सारख्याच संख्येने जोड्या येत असत्या तर नुसत्या भागाकाराने काम झाले असते. येथे काहींवर तीन येतात आणि काहींवर चार, म्हणून भागाकार चालत नाही. खरे उत्तर ६० + ९० म्हणजे १५० आहे. समावेश-वर्जनाच्या रीतीनेही, म्हणजे एखाद्या मुलाला काहीच न मिळणारी वाटपे वजा करून आणि त्यांतली दोनदा वजा झालेली परत मिळवून, २४३ − ९६ + ३ असे तेच येते. फलनांच्या भाषेत बोलायचे तर पाच घटकांच्या संचावरून तीन घटकांच्या संचावर जाणारी आच्छादक (म्हणजे तिथला कोणताही घटक रिकामा न सोडणारी) फलने १५० आहेत. हेच गणित तिने तीन पुस्तके आणि दोन मुले घेऊन हाताने लिहून पाहावे: चुकीच्या रीतीने १२ येतात, प्रत्यक्षात वाटपे ६ असतात, आणि प्रत्येक वाटप नेमके दोनदा मोजले गेलेले डोळ्यांना दिसते.

फलन चांगले निवडले तर मोजणी किती सोपी होते याचेही एक उदाहरण तिला दे. १ ते ४ या संचावरून १ ते ७ या संचात जाणारी, सतत वाढत जाणारी फलने किती? सात संख्यांतून चार निवडल्या की त्यांचा क्रम आपोआप ठरतो, म्हणून ३५. आता अट सैल करून ‘न घटणारी’ म्हटले, म्हणजे लागोपाठच्या किमती समान असल्या तरी चालतील, तर ही पद्धत थेट लागू पडत नाही. परंतु पहिल्या किमतीत ०, दुसरीत १, तिसरीत २ आणि चौथीत ३ मिळवले की समान किमती वेगळ्या होतात आणि १ ते १० या संचात जाणारे सतत वाढणारे फलन हाती येते. उलट दिशेने वजाबाकी करून मूळ फलन परत मिळवता येते, म्हणून ही जुळणी पूर्ण आहे, आणि उत्तर दहातून चार निवडण्याच्या रीतींइतके, म्हणजे २१० आहे.

जुळणी पूर्ण नसेल तेव्हा असमानता कशी मिळते, ते आता पाहा. २न माणसांतून न माणसे निवडण्याच्या रीती २ च्या न-व्या घातापेक्षा कमी नसतात, हे विगमनाने (न साठी खरे मानून न + १ साठी दाखवण्याच्या रीतीने) सिद्ध करता येतेच. पण माणसांच्या न जोड्या लावाव्या आणि प्रत्येक जोडीतून एकाला घ्यावे. अशा निवडी २ च्या न-व्या घाताइतक्या आहेत, त्या सर्व वेगवेगळ्या आहेत, आणि प्रत्येक निवडीत बरोबर न माणसे येतात. लहान संच मोठ्या संचात एकास-एक फलनाने बसला, आणि सिद्धता संपली. एकाच जोडीतली दोन्ही माणसे असलेल्या निवडी या फलनाच्या आवाक्याबाहेर राहतात, म्हणून न एकापेक्षा मोठा असला की असमानता काटेकोर होते. मला ही सिद्धता विगमनापेक्षा अधिक आवडते, कारण फरक कोठून आला हे ती बोट ठेवून दाखवते.

येथे भास्कराचार्यांची आठवण येणे साहजिक आहे, आणि तू खानदेशातला असल्यामुळे तुला ती अधिकच आवडेल. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाची नोंद त्यात आहे. ‘लीलावती’च्या अंकपाश या प्रकरणात त्यांनी विचारले आहे की शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल केली तर किती मूर्तिभेद होतील. उत्तर १ ते १० चा गुणाकार, म्हणजे ३६,२८,८०० आहे. याच संख्येवर मी असमानतेचा धडा घेतो. १ ते १० चा गुणाकार टोकांकडून जोड्या लावून मांडला तर १ × १०, २ × ९, ३ × ८, ४ × ७, ५ × ६, म्हणजे १०, १८, २४, २८ आणि ३० असे गुणाकार मिळतात. प्रत्येक जोडीची बेरीज ११ आहे, म्हणून कोणताही गुणाकार साडेपाचच्या वर्गापेक्षा, म्हणजे ३०.२५ पेक्षा मोठा होत नाही. म्हणून संपूर्ण गुणाकार साडेपाचच्या दहाव्या घातापेक्षा लहान, आणि तो घात सुमारे २ कोटी ५३ लाख आहे. अंदाज पुष्कळ ढिला आहे हे मान्य. परंतु तो ढिला का, हेही त्याच पाच संख्यांत दिसते, कारण १० ही ३०.२५ पासून फार दूर आहे.

दोन धन संख्यांचा अंकगणितीय मध्य (बेरजेचे अर्धे) त्यांच्या भूमितीय मध्यापेक्षा (गुणाकाराच्या वर्गमुळापेक्षा) कमी नसतो, ही असमानता मुले लवकर शिकतात आणि तितक्याच घाईने वापरतात. अ आणि ब धन संख्या असून त्यांची बेरीज १ आहे. (अ + १/अ) आणि (ब + १/ब) यांच्या गुणाकाराची लघुतम किंमत काढायची आहे. प्रत्येक कंस २ पेक्षा कमी नाही, म्हणून उत्तर ४, असे बहुतेक वह्यांत लिहिलेले असते. गुणाकार ४ पेक्षा कमी नाही हे विधान खरे आहे, पण त्याची किंमत ४ होण्यासाठी अ आणि ब दोन्ही १ असावे लागतील, आणि मग त्यांची बेरीज २ होईल. अब ला ट म्हटले की सारा गुणाकार ट + २/ट − २ असा होतो. अ आणि ब ची बेरीज १ असल्यामुळे ट कधीही १/४ च्या पुढे जात नाही, आणि शून्यापासून १/४ पर्यंतच्या या प्रांतात हे फलन सतत घटत जाते; म्हणून लघुतम किंमत ट = १/४ असताना, म्हणजे अ आणि ब दोन्ही अर्धे असताना येते, आणि ती २५/४ आहे. समानता कोठे येते आणि ते ठिकाण आपल्या प्रांतात आहे का, हे विचारल्याशिवाय असमानतेचे गणित पुरे झाले असे समजू नये, असा माझा आग्रह असतो. जेईईसारख्या परीक्षेत पर्यायांमध्ये ४ दिसला की तिकडेच बोट जाते, म्हणून हा आग्रह तेथेही उपयोगी पडतो.

आता या सर्वांचा संगम. १९७७ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधला सहावा प्रश्न असा आहे. (तेव्हा भारताचा संघ जात नव्हता, तो १९८९ पासून जाऊ लागला, आणि १९९६ ची स्पर्धा तर मुंबईतच झाली.) धन पूर्णांकांवरून धन पूर्णांकांत जाणारे फ हे फलन असे आहे की प्रत्येक न साठी फ(न + १) > फ(फ(न)). तर फ(न) = न हे सिद्ध करा. पाहताक्षणी वाटते की एवढ्या तुटपुंज्या माहितीवर फलन ठरणार कसे? तरी ते ठरते. प्रथम असे दाखवायचे की क जर न पेक्षा लहान नसेल, तर फ(क) ही न पेक्षा लहान नसते. न = १ असताना ते उघड आहे. न साठी ते मान्य करून क ही न + १ किंवा त्याहून मोठी घेतली, तर फ(क − १) ही न पेक्षा लहान नाही, म्हणून फ(फ(क − १)) हीसुद्धा नाही, आणि फ(क) तिच्याहून मोठी असल्यामुळे निदान न + १ आहे. म्हणजेच प्रत्येक क साठी फ(क) ही क पेक्षा लहान नसते. मग फ(न + १) > फ(फ(न)) ≥ फ(न), म्हणून फलन सतत वाढते. आणि ते वाढते म्हणून फ(न + १) > फ(फ(न)) यावरून न + १ > फ(न). फ(न) ही न पेक्षा लहान नाही आणि न + १ पेक्षा लहान आहे. पूर्णांकांत त्यासाठी न ही एकच जागा उरते. एक असमानता, एक फलन, आणि शेवटी उरलेल्या जागांची मोजणी: एवढ्यावर ही सिद्धता उभी आहे, आणि इतक्या वेळा शिकवूनही ती फळ्यावर पूर्ण होताना मला तितकाच आनंद होतो.

तुझ्या लेकीसाठी एक गणित पाठवतो. १ ते ५ या संचावरून त्याच संचात जाणारी अशी किती फलने आहेत, की प्रत्येक क साठी फ(फ(क)) = फ(क)? उत्तर १९६ आहे, ते तिला आधी सांगू नकोस. एकूण फलने ३१२५ आहेत, एवढा पहारा तिने सुरुवातीलाच बसवावा. अडलीच तर कोणते घटक जागचे हलत नाहीत एवढेच विचार, आणि तिने प्रथम काय मोजले ते मला अवश्य कळव.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेही