डॉक्टर चक्रवर्ती आणि तू

प्रिय ओंकार,

त्या काकूंच्या मुलाने तुला वॉर्डात सगळ्यांदेखत विचारलं, "डॉक्टर, आमच्या आईसाठी तुम्ही एवढं का करताय? तुमच्याकडून काही चुकलंय का?" तू फोनवर हे सांगितलंस तेव्हा तुझा आवाज रागाने कापत होता. खरं सांगू? मला त्या मुलाचा राग आला नाही. ड्यूटी संपल्यावर तू तिच्या कॉटशी बसतोस, एका तपासणीचे पैसे स्टायपेंडमधून भरलेस, बाहेरून पेज करून आणतोस. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटसाठी यातलं काहीच करत नाहीस. हे का, ते त्याला कोणीच सांगितलं नाही. मग त्याने त्याच्या परीने अर्थ लावला.

यावर तुला एक जुना तेलुगू पिक्चर सांगते. सोलापुरात पूर्व भागात लहानाची मोठी झालेल्या माणसाला तेलुगू शिकवावं लागत नाही. आमच्या वाड्यात निम्म्या खोल्यांत पद्मशाली कुटुंबं, दिवसभर मागांचा खडखडाट आणि त्यावर कडी करणारा तेलुगू गायक घंटसालांचा आवाज. 'डॉक्टर चक्रवर्ती' तिथल्या बायकांना पाठ होता. 1964 चा, दिग्दर्शक आदुर्ती सुब्बारावांचा. आंध्र सरकारने नंदी पुरस्कार सुरू केले तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचा पहिला मान यालाच मिळाला. मूळ कादंबरी कोडुरी कौसल्यादेवींची, 'चक्रभ्रमणम्'. पुढे तेलुगूत बायकांच्या कादंबऱ्यांवर पिक्चर काढायची लाटच आली.

गोष्ट अशी. चक्रवर्ती, म्हणजे अक्किनेनी नागेश्वरराव, हुशार डॉक्टर. धाकट्या बहिणीवर, सुधावर, त्याचा जीव. तो शिकायला परदेशी जातो आणि इकडे सुधा कॅन्सरने जाते. ज्या रोगाशी लढायचं त्याच रोगाने घरातलं माणूस नेलं, आणि हा जवळही नव्हता. परत आल्यावर त्याला मित्राची बायको भेटते, माधवी. ते काम सावित्री या नटीने केलंय. तिच्या वागण्याबोलण्यात, तिच्या वीणेत त्याला सुधा दिसायला लागते. त्याच्या मनात पाप नाही, हे आपल्याला माहीत असतं, कारण आपण पहिल्यापासून पिक्चर बघत असतो. त्याच्या बायकोने तो पाहिलेला नसतो, आणि मित्रानेही नाही. आधी ती संशय घेते, मग मित्राच्या (ते काम जग्गय्या या नटाचं) मनातही तेच विष भिनतं.

रडारड भरपूर आहे, तुला कदाचित झेपणार नाही. आणि त्या बायकोवर पिक्चरने अन्याय केलाय, असं मला अजून वाटतं. नवरा परक्या घरी माया लावत फिरतो, हिने काय समजायचं? कजाग म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण गाणी मात्र, ओंकार! संगीत सालूरी राजेश्वररावांचं. 'नीवु लेक वीणा' सुशीलाबाईंनी गायलंय. 'मनसुन मनसै' श्रीश्रींनी लिहिलंय, घंटसालांनी गायलंय, जयजयवंती रागात. आपलं मन कळणारं एक माणूस सोबतीला असलं की तोच स्वर्ग, असा त्याचा भाव. हे लिहिणारा श्रीश्री म्हणजे क्रांतीच्या कविता करणारा माणूस, बरं का.

मला त्या डॉक्टरबद्दल एकच तक्रार होती आणि आहे. बहीण गेल्याचं दुःख त्याने कोणापाशी नीट मोकळं केलं नाही, ते उचलून थेट दुसऱ्या बाईच्या ओटीत टाकलं. त्या बिचारीने ते मागितलं नव्हतं. तिचं आपलं स्वतःचं घर होतं, नवरा होता. त्रास झाला तो तिला.

आता तुझं. आज्जी गेली तेव्हा तू परीक्षेला बसला होतास. आम्हीच तुला कळवलं नव्हतं, आज्जीचंच तसं सांगणं होतं. दहाव्याला आलास, पाहुण्यांना चहा दिलास, रात्रीच्या गाडीने परत गेलास. त्यानंतर तुझ्या तोंडून मी आज्जीचं नाव ऐकलेलं नाही. आणि मागच्या महिन्यात सांगत होतास की या काकू पण आज्जीसारख्याच पेजेत लिंबाचं लोणचं कालवतात. तेव्हाच मला समजलं. त्या काकूंना आज्जीचं देणं फेडायला लावू नकोस रे. त्यांना त्यांचा आजार पुरेसा आहे. उद्या त्यांच्या रिपोर्टात काही वाईट आलं तर तुला ते दिसलं पाहिजे, आणि त्यांच्या मुलाला स्पष्ट सांगता आलं पाहिजे. आज्जीचा नातू म्हणून बसलास तर तुझ्याच्याने ते होणार नाही.

माया करू नको, असं मी म्हणत नाही. मी स्वतः आज्जीच्या केमोच्या वेळी बघितलंय, एखादी सिस्टर नुसती "जेवलात का?" म्हणाली तरी आज्जीचा दिवस बरा जायचा. पण ती सिस्टर सगळ्यांनाच विचारायची.

नागेश्वररावांचं एक सांगायचं राहिलं. पडद्यावरच्या चक्रवर्तीची बहीण कॅन्सरने गेली आणि पुढे त्यांना स्वतःलाच तो झाला. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी पत्रकारांना बोलावून आपल्या तोंडाने ते सांगून टाकलं. वय नव्वदीला टेकलेलं. काम चालूच ठेवलं. 2014 च्या जानेवारीत गेले आणि 'मनम्' हा त्यांचा शेवटचा पिक्चर त्यांच्यामागे लागला. लपवाछपवी नाही, कुजबुज नाही.

तर तू असं कर. उद्याच्या राऊंडआधी तुझ्या युनिटच्या मॅडमना गाठ आणि आज्जीचं सगळं सांग. त्या चिडतील असं तुला वाटत असेल, पण इतकी वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला हे नवीन नसणार. मग त्या मुलाला बाजूला घेऊन सांग की काही चुकलेलं नाही, आणि तपासणीचे पैसे तू का भरलेस तेही सांग. तो परत देऊ लागला तर घे. नको म्हणालास तर त्याचा संशय वाढेल. पुढच्या तपासण्यांसाठी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडे त्याला पाठव, योजनेत बसतंय का ते ते बघतील. ते काम त्यांचं आहे, तुझ्या स्टायपेंडचं नाही.

आणि रविवारी फोन कर तो बाबा घरी असताना. तेही आज्जीबद्दल कोणाशी बोललेले नाहीत.

तुझी,
आई