डोमेनवरच पेमेंट घ्या म्हणालात, आता डोमेन माझंच आहे याचा पुरावा मागताय?

तुमच्या सपोर्टने आत्ताच माझं तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून परत बंद केलं. फोन ठेवल्या ठेवल्या मेल आला. म्हणून आता सपोर्टच्या नादाला न लागता थेट मॅनेजमेंटला लिहितेय. प्रॉडक्ट तुमचं आहे, ते कसं चालतं हे तुम्हाला माहीत असणार, तरी सपोर्टचा अनुभव बघता सोपं करूनच लिहितेय.

डोमेन, म्हणजे माझ्या साइटचं नाव, तुमच्याकडे रजिस्टर्ड, ते नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणारं डीएनएस तुमचं, डोमेनच्या पुढे 'पे' लावून जो पेमेंटचा पत्ता तयार होतो तो पण तुमच्याच सेटअपने एका क्लिकवर बनवलेला. मी डीएनएसमध्ये कुठलाही रेकॉर्ड, म्हणजे नोंद, हाताने टाकलेला नाही. हे सगळं नीट चालू होतं, लोक कोर्सची फी भरत होते, आणि एके दिवशी सकाळपासून मेसेज यायला लागले की ताई तुमची लिंक उघडली की 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' येतंय. उघडून बघितलं तर पेमेंट पेजचं सर्टिफिकेट, म्हणजे पेज खरं आणि जोडणी सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणारं प्रमाणपत्र, एक्सपायर झालेलं. 90 दिवसांचं सर्टिफिकेट, ते आपोआप रिन्यू करणं हे तुमचं काम, आणि तुमच्या डॅशबोर्डवर त्याच वेळी हिरव्या अक्षरात 'पेमेंट्स ॲक्टिव्ह' दिसतंय. ते हिरवं अक्षर आजही तसंच आहे.

आता सपोर्टने काय काय सांगितलं ते ऐका. ब्राउझरची कॅश (साठवलेली जुनी पानं) क्लिअर करा. दुसरा ब्राउझर वापरा. मग 48 तास थांबा, डीएनएस प्रोपगेशन चालू आहे, म्हणजे बदल सगळीकडे पसरतोय. अहो, कसलं प्रोपगेशन? कुठलाही रेकॉर्ड बदललेलाच नाही तर पसरायचंय काय? आणि त्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे नोंद धरून ठेवायची मुदत, 600 सेकंद आहे, तुमच्याच पॅनलमध्ये दिसतो, म्हणजे बदल केला असता तरी 10 मिनिटांत जुनी नोंद संपली असती. हे मी सांगितल्यावर पलीकडून उत्तर आलं, 'मॅडम सिस्टीममध्ये 48 तासच दाखवतंय.'

आणि मग तो कॉल. हा पूर्ण लिहितेय, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेल तर ऐका आणि जुळतंय का बघा.

पलीकडचा मुलगा म्हणाला, 'मॅडम, तुमच्या कस्टमरना सांगा, ॲडव्हान्स्डवर क्लिक करा आणि खाली प्रोसीड म्हणून येतं ते दाबा, पेज उघडेल.'

मी म्हटलं, 'तिथे कार्ड नंबर टाकायचाय.'

'हो मॅडम, पेज सेमच आहे.'

'ब्राउझर सांगतोय की ही साइट सुरक्षित नाही, तुमची माहिती कुणी चोरू शकतं.'

'मॅडम ती वॉर्निंग आहे, एरर नाहीये.'

मी दोन मिनिटं गप्प बसले, खरंच, मला कळेना काय बोलावं. मग विचारलं, 'तुम्ही स्वतः तुमच्या कार्डाचा नंबर टाकाल का अशा पेजवर?' त्याने होल्डवर टाकलं. बराच वेळ ते संगीत. परत आला आणि म्हणाला, 'मॅडम, पर्सनल प्रश्नांची उत्तरं मी देऊ शकत नाही. तुमचं पेज लोड होतंय त्यामुळे तिकीट रिझॉल्व्ह करतोय. कॉल संपल्यावर 1 ते 5 मध्ये रेटिंग द्या.'

मी त्या मुलावर चिडलेली नाही. त्याच्यासमोर स्क्रीनवर जे लिहिलेलं असेल ते तो वाचत होता. मी चिडलेय ती ते लिहिणाऱ्यावर. पेमेंट विकणाऱ्या कंपनीच्या सपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये 'वॉर्निंग बाजूला सारा आणि कार्ड नंबर टाका' असं असूच कसं शकतं? फसवणूक करणारी खोटी पानं लोकांना नेमकं हेच सांगतात ना? पीसीआय डीएसएस, म्हणजे कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेचे नियम, तुम्हाला लागू आहेत की नाही? 4.0.1 आवृत्तीतलं 4.2.1 काढून वाचा, कार्डाचा नंबर उघड्या नेटवर्कवरून जातो तेव्हा वापरलेलं सर्टिफिकेट वैध आहे, एक्सपायर किंवा रद्द झालेलं नाही याची खात्री करायची असं तिथे स्पष्ट आहे आणि 31 मार्च 2025 नंतर तो नुसता सल्ला राहिलेला नाही, बंधनकारक आहे. मला हे माहीत असावं आणि तुमच्या पेमेंट टीमला नसावं?

वर अजून एक. माझी मुख्य साइट एचएसटीएस पाठवते, म्हणजे फक्त सुरक्षित जोडणीवरच उघड असा ब्राउझरला आदेश, तोही 'पे'सारख्या सबडोमेनसकट. म्हणजे जो माणूस आधी माझ्या साइटवर येऊन गेलाय त्याच्या ब्राउझरमध्ये ते प्रोसीडचं बटण येतच नाही. मुद्दामच येत नाही, त्यासाठीच ते आहे. तर तुमचा तोडगा माझ्या जुन्या लोकांना चालणारच नव्हता, आणि जे नवीन लोक थेट पेमेंटच्या लिंकवर आले, ज्यांना मी कोण हे पण धड माहीत नाही, फक्त त्यांना ते बटण दिसलं. त्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, 'दाबू का?' मी त्यांना नाही म्हणाले, फी राहू दे म्हणाले. किती जणांनी न विचारता दाबलं असेल याचा विचार करून माझी झोप उडाली होती.

तुमच्या इंजिनिअर लोकांना जे सापडत नाही ते मी शोधलंय, तेही लिहून देते. पेमेंट चालू करताना तुमच्या सेटअपने माझ्या डोमेनवर एक सीएए रेकॉर्ड, म्हणजे या डोमेनला सर्टिफिकेट कोण देऊ शकतं याची नोंद, टाकला. त्यात एकाच सर्टिफिकेट कंपनीला परवानगी आहे. पेमेंटच्या पत्त्याला स्वतःचा सीएए नाही, त्यामुळे वरच्या डोमेनचाच त्याला लागू होतो. एक्सपायर झालेलं सर्टिफिकेट त्या कंपनीचं आहे. मधल्या काळात तुम्ही कंपनी बदललीत, हे तुमच्या स्वतःच्या साइटचं सर्टिफिकेट उघडून इश्यूअर बघितला तरी कळतं. आता नवीन कंपनी रिन्यू करायला जाते, सीएए बघते, तिचं नाव नाही, नकार देते. तिला तो बघावाच लागतो, सप्टेंबर 2017 पासून सगळ्या सर्टिफिकेट कंपन्यांना ते सक्तीचं आहे. म्हणजे कुलूप तुम्हीच लावलंत, किल्ली तुम्हीच बदललीत आणि दार उघडत नाही म्हणून मला कॅश क्लिअर करायला सांगताय.

तो रेकॉर्ड मी काढून टाकायचा प्रयत्न केला. 'मॅनेज्ड रेकॉर्ड' म्हणून लॉक आहे, एडिट होत नाही. हे सगळं तिकिटात स्क्रीनशॉटसकट लिहिलंय. त्याला उत्तर काय आलं? कॅश क्लिअर करण्याची लिंक.

हे कमी होतं म्हणून की काय, पेमेंट्स अचानक थांबली हे तुमच्या रिस्क टीमला 'संशयास्पद' वाटलं आणि आधी जमा झालेल्या फीचं पेआउट, म्हणजे तुमच्याकडून मला यायचे पैसे, होल्डवर गेलं. तुमचं पेज बंद पडलं म्हणून पैसे येईनात, आणि पैसे येईनात म्हणून माझ्यावर संशय! ज्यांनी फी भरलीय त्यांचे कोर्स मी चालू ठेवलेत, त्यांना काय सांगू? ठीक आहे, चौकशी करा, केवायसी करा, पैशाच्या धंद्यात ते लागतं हे मला मान्य आहे, कागद सगळे लगेच दिले. तर त्यावर मागणी अशी आली की हे डोमेन तुमच्या मालकीचं असल्याचा पुरावा सादर करा.

कुणाला? रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीलाच? डोमेन तुमच्याकडे रजिस्टर आहे. माझं नाव, पत्ता, ईमेल तुमच्या रेकॉर्डमध्ये आहे, तो ईमेल तुम्हीच व्हेरिफाय करून घेतलाय, दर वर्षी रिन्यूअलचे पैसे तुम्हीच घेता, आणि जगाला हे डोमेन कुणाचं हे सांगायची जबाबदारी तुमचीच आहे. मी तुमच्याच पॅनलचा स्क्रीनशॉट काढून तुम्हालाच पाठवला. तो 'अस्वीकृत' झाला, कारण 'थर्ड पार्टी डॉक्युमेंट हवं'. मग सरळ हूज, म्हणजे डोमेन कुणाचं ते दाखवणारी सार्वजनिक नोंद, बघा म्हटलं, तर तिथे नाव दिसत नाही म्हणे. नाव दिसत नाही कारण प्रायव्हसी तुम्हीच लावलीय, बाय डीफॉल्ट!

मी हे प्रॉडक्ट का घेतलं तेही सांगते, कारण खरं दुःख त्याचं आहे. डोमेन स्वतः काही पैसे घेत नाही हे मला कळतं, तो पत्ता आहे, तो तुमच्या चेकआउटकडे नेतो, बास. पण तो पत्ता माझ्या नावाचा असतो. दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीची ढीगभर आकडे-अक्षरं असलेली लिंक पाठवली की लोक घाबरतात, आणि घाबरायलाच पाहिजे. माझ्या नावाची लिंक ते ओळखतात, एकदा छापली की कायम तीच, आणि उद्या पेमेंट कंपनी बदलली तरी लिंक तीच राहते, फक्त मागचा रेकॉर्ड बदलायचा. वेबच्या नियमांमध्ये 402 'पेमेंट रिक्वायर्ड' हा कोड 1997 पासून राखून ठेवलेला पडून आहे, इतकी जुनी इच्छा आहे ही लोकांची की वेबच्या पत्त्यावरच पैसे देता-घेता यावेत. तुम्ही ते माझ्यासारख्या एकट्या माणसाला जमेल इतकं सोपं केलंत म्हणून मी किती जणांना तुमचं नाव सुचवलं. आता त्यांना काय तोंड दाखवू? माझ्या नावाच्या लिंकवर लाल पान दिसतंय, तुमच्या नाही. लोकांना वाटतंय मीच काहीतरी गडबड केली. विश्वास माझा गेला.

तर आता मला फोन नकोय, लेखी उत्तर पाहिजे. तो सीएए रेकॉर्ड एकतर दुरुस्त करा नाहीतर अनलॉक करा, मी करते. सर्टिफिकेट नवीन द्या. पेआउट सोडा, डोमेन कुणाचं हे स्वतःच्या डेटाबेसमध्ये बघा. आणि ते 'प्रोसीड दाबा' असं कुणालाही, कधीही सांगणार नाही हे लिहून द्या, माझ्यासाठी नाही, ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी.

शेवटच्या कॉलवर अजून एक वाक्य ऐकलं, 'पेआउट रिव्ह्यू चालू असताना डोमेन ट्रान्सफर करता येणार नाही.' हे कुठल्या नियमात आहे ते दाखवा. माझं डोमेन जुनं आहे, नवीन डोमेनला लागणाऱ्या 60 दिवसांच्या लॉकमध्ये ते येत नाही. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागणारा ट्रान्सफर कोड मी आज मागितलाय, या पत्रासोबतच. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे मागितल्यापासून 5 दिवसांत तो तुम्ही द्यायला बांधील आहात. सहाव्या दिवशी आयकॅनकडे तक्रार जाईल आणि पेआउटची वेगळी तक्रार तुमच्या मागे जी बँक आहे तिच्याकडे जाईल, कॉलच्या तपशिलासकट.

आणि हो, हे तिकीट माझं लेखी 'हो' आल्याशिवाय बंद करायचं नाही.