पोर्तुगीज चर्च म्हणजे नुसता बस स्टॉप नाही

संपादक महोदय,

दादरला राहणारा माणूस दिवसातून दोन-चार वेळा तरी ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतोच, कंडक्टरकडे तिकीट मागताना, टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना. पण परवा माझ्या नातीने विचारलं, आजोबा, इथे पोर्तुगीज राहायचे का? तिच्या मैत्रिणीला तर बिल्डिंग बघून चर्च अलीकडचंच वाटलेलं. म्हणून हे पत्र.

हे चर्च मूळचं 1596 चं, फ्रान्सिस्कन पाद्रींनी उभारलेलं, खरं नाव अवर लेडी ऑफ सॅल्वेशन. म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या 1661 च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालने मुंबई इंग्रजांना द्यायचं ठरवलं त्याच्याही 65 वर्षं आधीचं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा या चर्चला 257 वर्षं झाली होती! आपण म्हणतो दादर स्टेशनमुळे वाढलं, ते खरंच आहे, दोन्ही लाईनी इथे भेटतात, पण रूळ पडायच्या कितीतरी आधी इथे घंटा वाजत होती.

माझे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि आमच्या चाळीत एक ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिश्चन, मावशी राहायच्या, त्या चर्चला कधी चर्च म्हणाल्याच नाहीत, ‘देवळात जाऊन येते’ म्हणायच्या. घरात मराठीच. मे महिन्यात त्यांचा बाटली मसाला कुटला की वास तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. ईस्ट इंडियन हे नाव या लोकांनी 1887 मध्ये घेतलं, गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण इथले मूळचे हे कळावं म्हणून. मुंबईचा इतिहास सांगताना कोळी, आगरी, पाठारे प्रभू येतात, यायलाच पाहिजेत, पण ही मराठी बोलणारी माणसं का राहून जातात मला समजत नाही.

आता नव्या बिल्डिंगबद्दल. ती आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची, 1974 ते 77 मधली, नवी मुंबईच्या आखणीतले तेच कोरिया. काँक्रीटची छपरं नरसाळी उपडी ठेवल्यासारखी, वरून उजेड आत येतो आणि मध्ये मोकळी अंगणं. मी दुपारी एकदा जाऊन बसलो होतो, बाहेर गोखले रोडचा हॉर्नचा गोंधळ आणि आत बाकावर फक्त तो वरचा उजेड हळूहळू सरकत होता. तेव्हा कळलं की नवी वास्तूसुद्धा जुन्या जागेचा मान ठेवू शकते.

माझी मागणी एवढीच की फूटपाथवरून जाणाऱ्याला उभ्या उभ्या वाचता येईल असा मोठा मराठी फलक तिथे लावा, साल, मूळ नाव, कोरियांचं नाव आणि ईस्ट इंडियन लोकांबद्दल दोन ओळी. तसाच एक दादर स्टेशनच्या पुलावर. खर्च फार नाही. आणि जमलं तर त्यावर देऊळ हा शब्दही असू द्या, मावशींचा.

– एक दादरकर, मुंबई