बाई, पाटली पोचली

प्रिय बाई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

त्या बुधवारी प्रार्थनासभा आटोपल्यावर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता मी तुमच्यापाशी रडले. आईच्या दोन पाटल्यांतली एक धाकट्या बहिणीची. "दवाखान्याच्या खर्चात दोन्ही मोडल्या," असं मी तिला सांगितलं होतं, आणि दोन्ही माझ्याच कपाटात होत्या. नऊ वर्षं. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी देवाजवळ क्षमा मागायचे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "पाटली कुठंय आत्ता?"

मला रागच आला. वाटलं होतं, पाठीवरून हात फिरवाल.

मग तुम्ही शास्त्र उघडलंत. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. आपल्या शब्दातच जळणं आहे. पण बायबलातले संदेष्टे ज्या इब्री शब्दाने लोकांना हाका मारतात, 'शूव', त्याचा साधा अर्थ मागे फिरणं, परत येणं. ताप तर प्रभूला 30 नाण्यांसाठी धरून देणाऱ्या यहूदालाही झाला होता, म्हणालात. मत्तय 27 मध्ये तो ती नाणी परतसुद्धा करतो, पण जातो याजकांकडे. प्रभूकडे वळत नाही. 'मी प्रभूला ओळखत नाही' म्हणणारा शिष्य पेत्रही ढसाढसा रडला, पण तो सरोवराच्या काठावर प्रभूला पुन्हा भेटला.

लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाचं तर मी लहानपणापासून ऐकत आले. प्रभूला बघायला तो चढला ते उंबराचं झाड तेवढं लक्षात होतं. चौपट परत करीन हे तो उगाच बोलला नाही, मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार द्यावीत हे निर्गम 22 मधलं नियमशास्त्र, हे तुमच्याकडून कळलं. आणि प्रभू 'तुझ्या घरी उतरतो' म्हणाला ते त्याआधीच! लूक 15 मधला, बापाचा पैसा उधळून घरी परतणारा धाकटा मुलगाही 'मला मजूर म्हणून ठेवा' हे वाक्य घोकत आला होता. बापाने ते पुरं होऊच दिलं नाही. या दोन गोष्टींनी माझी भीती मोडली, बाई. नऊ वर्षं मी आधी स्वच्छ व्हायला बघत होते.

निघताना तुम्ही आणखी एक बजावलंत. प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋण सोडणं' आहे, आणि प्रभूच्या मागे जाताना शिष्यांनी मासेमारीची जाळी सोडली तिथे ग्रीकमध्ये क्रियापद तेच. "सोडणं तिच्या हातात आहे. तू पाटली दे. माफी वसूल करायला बसू नकोस."

एस.टी.ने गेले. तिने पाटली तळहातावर तोलली, आतल्या बाजूची झीज अंगठ्याने चाचपली, आणि चहा टाकायला उठली. 'माफ केलं' म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही. तुम्ही सांगितलं नसतंत तर मी तिथेच तिला गळ घातली असती.

नाताळात तिच्याकडून करंज्यांचा डबा आला. तो घासून ठेवलाय. रिकामा कसा परत करायचा? तिला ओल्या नारळाच्या वड्या आवडतात, आज नारळ आणलेत.

तुमची ऋणी,
सतरंज्या गुंडाळणारी