चावडीवरच्या पाटीला नावांची जोड द्या

संपादक महोदय,

आमच्या गावची जुनी चावडी पाडून ग्रामपंचायतीची नवी इमारत होणार आहे. चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. वर्षानुवर्षांच्या चुन्याने खोदीव अक्षरे बुजत आली आहेत. म्हणून ती काढून चकचकीत ग्रॅनाइट बसवायचे घाटते आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे.

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ ११७व्या मराठा पलटणीत होते. एप्रिल १९१६ मध्ये इराकमधले कुत हे शहर तुर्कांच्या हाती पडले आणि ते कैदेतून परतलेच नाहीत. १९२९ मध्ये बसऱ्याला मोठे स्मारक झाले. तिथे गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. असे ३३ हजारांहून अधिक शिपाई! फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या स्मारकावर १९२७ मध्येच हिंदी शिपायांची नावे कोरली होती, म्हणजे ते जमत नव्हते असे नाही. ही स्मारके उभारणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली.

आपल्या जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले. असे आकडे आपल्याला पाठ असतात. नावे घरच्यांपुरती उरतात.

म्हणून माझे म्हणणे असे. जुनी पाटी आहे तशी नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसवावी. ॲसिड नको, ऑइलपेंट तर नकोच. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. शेजारी दुसरा दगड लावून त्यावर मराठीत नाव, वडिलांचे नाव आणि पलटण कोरावी. क्रम अकारविल्हे असावा, हुद्द्याप्रमाणे नको. दगडावर सरपंच, सदस्य किंवा देणगीदार यांची नावे अजिबात नकोत.

आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदी शोधता येतात, त्यांत पुष्कळदा वडिलांचे आणि गावाचे नाव मिळते. इंग्रजी स्पेलिंगमुळे आडनावांची फार मोडतोड झालेली आहे, तेव्हा घरोघरी विचारून ताळा घ्यावाच लागेल. त्या लढाईची पदके ज्यांच्या ट्रंकेत असतील त्यांनी पदकाची कड भिंगाखाली पाहावी. शिपाई नंबर, नाव आणि पलटण तिथेच ठोकलेली असते. चावडी पाडण्याआधी ही माहिती ग्रामसेवकांकडे लेखी द्यावी, ही गावकऱ्यांना कळकळीची विनंती.

– एक निवृत्त सुभेदार, जि. सातारा